सुहासदादांचे साडेसातशे मीटर

सुहासदादा गेले त्याला आज वर्ष झालं.

बुडून गेले नाहीत. हे आधीच सांगते, कारण ट्रायथलॉन म्हटलं की लोक अजून तेच विचारतात. सुट्टीवर कणकवलीकडे गावी गेले होते, दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत. हार्ट. खलास.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: दादा इथे मस्कतमध्ये, गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. मी नागपूरची, अल् खुवैरला डिझाइन इंजिनियर. ऐन ऑगस्टमध्ये माझ्या गाडीचा एसी बसला, तेव्हा ओळख झाली.

मागे लावलेली सायकल बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, ही रेसची काय? मी पण पळतो. रोज."

मला टीमसाठी तिसरा माणूस हवाच होता. घेतलं.

सप्टेंबरमध्ये माझ्या घरी सीझनचं प्लॅनिंग. मी, दादा आणि माझ्या ऑफिसमधला सलीम, सूर गावचा ओमानी. तीन रेस: नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. रिले म्हणजे एकाने पोहायचं, एकाने सायकल, एकाने धावायचं.

मी एक्सेल उघडलं. सायकल माझी. सलीम काटकुळा, म्हणून रनिंग त्याला.

"दादा, तुम्ही कोकणातले ना? मग स्विमिंग तुमच्याकडे."

दादा चहाचा कप धरून "हो हो" म्हणाले.

आम्हा नागपूरकरांचा भूगोल हा असा. कोकण म्हणजे समुद्र! त्यांचं गाव घाटाच्या पायथ्याशी, समुद्र बघायचा तर दोन एसट्या बदलाव्या लागतात, हे मला कोण सांगणार बाप्पा.

आणि "मी पण पळतो" म्हणून सांगणारा हा माणूस. ते मी ऐकलंच नव्हतं.

दोन महिने मी विचारत होते, "प्रॅक्टिस कशी काय?"

"चालू आहे, मॅडम."

रेसच्या दहा दिवस आधी एका सकाळी मी न सांगता बीचवर गेले. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभे. हात फिरवत होते. पाय वाळूवर.

"पुढे जा ना दादा!"

"पाणी थंड आहे."

नोव्हेंबरात मस्कतचं पाणी थंड! बाहेर बोलावलं. एरवी माझ्याशी जपून, पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्या दिवशी घरची भाषा बाहेर आली.

"मॅडम, माका पोहूक येणा नाय."

मी भडकले. खूप भडकले. काहून नाही सांगितलं, लहान आहात का, आता दहा दिवसांत मी कुठून माणूस आणू, सगळं बोलून घेतलं.

दादांनी खाली बघून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकोणीस वर्षां झाली हय. पयल्यांदा कोणी घराक बोलवून, बाजूक बसवून नाव लिवला. नाय म्हटलंय तर परत कोण बोलवतलो?"

मी वाळूत बसले.

खरं उत्तर मला माहीत होतं. नसतं बोलावलं. दुसरा कोणी शोधला असता.

ऑफिसला जाऊन सलीमला सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "मैं सूर का है. मेरा बाबा मछली पकड़ता है. मेरे को कोई पूछा ही नहीं!"

म्हणजे टीम लीडर मी, आणि अक्कल गहाण टाकलेली.

नोव्हेंबरात सलीम पोहला, दादा धावले. काय धावले! मी सायकलवर घालवलेला सगळा वेळ भरून काढला. जानेवारीतही तेच.

इथे विषय संपायला हवा होता. पण दादा हटून बसले. "मार्चची रेस मी एकटा करणार. तिन्ही."

"कशाला पण? काय अडलंय?"

"मी हो म्हटलं होतं ना."

सलीमने शिकवलं. दर शुक्रवारी सकाळी. "यल्ला सुहास, साँस छोड़ो!" दादांनी अर्धा समुद्र पिला असेल. मी वाळूवर बसून बघायची आणि मनात म्हणायची, नाही जमणार.

मार्च. साडेसातशे मीटर. ठरल्या वेळेत बाहेर नाही आलात तर तिथेच रेस संपते.

सगळे बाहेर आले. पाण्यात एकच पिवळी टोपी उरली, शेजारी सेफ्टीची छोटी होडी, कयाक. टोपी थांबायची, परत निघायची. कयाकला हात लावला नाही.

मी तशी ओरडणारी बाई नाही. त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडले. "या ना दादा! या लवकर!"

दोन मिनिटं बाकी असताना वाळूला लागले. आधी रांगले. मग उभे राहिले. मग सायकल, मग रनिंग, आणि रनिंगमध्ये अकरा जणांना मागे टाकलं.

फोटो आहे त्या दिवसाचा. त्यात नुसतं पाणी आणि एक पिवळा ठिपका.

तेराव्यानंतर वहिनींचा गावाहून फोन आला. त्या अगोदर आम्ही कधी बोललो नव्हतो.

"मॅडम, एक इचारू? ते खराच पोहले काय?"

"म्हणजे?"

"सांगी होते सगळ्यांका. गावात सगळे हसले. मेडल दाखवल्यांनी, तर म्हणाले मस्कतात इकत गावता."

मी म्हटलं, "वहिनी, मी समोर उभी होते. सगळ्यात शेवटी आले. पण कोणाचा हात न धरता आले."

वहिनी हळूच म्हणाल्या, "मी पण हसलंय."

वहिनी, तुमच्या गावचे कोणी हे वाचत असतील म्हणून आज लिहिलं. सगळ्यांना दाखवा.

सुहासदादा पोहले. मी पाहिलं.

दादा, निरोप घेते. मनापासून श्रद्धांजली. माझा जय भीम.