पाचव्या गावाचा कौल

सोमवारी सकाळी माझी बायको वारली. दुपारी कुडाळहून प्रवासाची कामं बघणाऱ्या बाईंचा फोन आला. इटलीतल्या मुक्कामांची यादी अजून मिळाली नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, तिला विचारून कळवतो.

मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं नाही. मेहुणीच्या आलं. ही बायकोची धाकटी बहीण. बातमी कळताच जामसंड्याहून निघून आली होती आणि ओटीवर बसून रडत होती. ती रडायची थांबली.

"तिका आता कित्याक इचारतास, भावजी? ती थंयसूनय भांडतली," असं म्हणाली, आणि राहिलेलं रडणं तिने पुन्हा सुरू केलं.

भांडण होतंच. दोन वर्षं ते चाललं होतं, आणि निकाल लागण्याआधी एक पक्ष उठून गेला.

कट्टा गावाजवळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. इटलीतले घुमट, कमानी, पोप आणि सम्राट मी मुलांना इतक्या खात्रीने सांगत असे की माझं जाणंयेणं असावं असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात मी हंपीच्या पलीकडे गेलो नव्हतो. निवृत्त झाल्यावर इटलीला जायचं ठरवलं. मुलगी पुण्याला असते. ती कुडाळच्या त्या बाईंकडून सगळी व्यवस्था करून घेणार होती आणि सोबत येणार होती. तिची अट एकच होती. बारा दिवस आणि पाच गावं. सहावं गाव घातलंत तर रोज बॅगा भरण्यात सुट्टी संपेल आणि तुमचे गुडघे मला उचलून आणावे लागतील, असं तिने आधीच बजावलं होतं.

बायकोचे वडील मालवाहू जहाजावर होते. नापोली, जिनोआ ही नावं तिच्या माहेरी रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या चालीवर घेतली जात. त्यामुळे इटलीबद्दल तिचं मत माझ्याआधीपासून तयार होतं. तिला बंदरं बघायची होती आणि मासळीबाजार. मी पुस्तक हातात घेतलं की आधी मागची सूची बघतो; ती मासा हातात घेतला की कल्ला उचलून बघायची. दोघांचाही विक्रेत्यावर विश्वास नव्हता.

आम्ही आळीपाळीने गावं निवडायची ठरवली. पहिलं माझं, रोम. पडके दगड बघायला इतक्या लांब कशाला, आपला किल्ला काय पळून गेला का, एवढं बोलून तिने ते जाऊ दिलं. दुसरं तिचं, नापोली. तिसरं माझं, फ्लॉरेन्स. चौथं तिचं, जिनोआ. व्हेनिस दोघांनी मिळून नाकारलं. आमच्या संसारातल्या मोजक्या एकमतांपैकी ते एक. पाणी, होड्या आणि त्यात मावणार नाहीत इतके पर्यटक हे सगळं मे महिन्यात मालवणच्या जेटीवर बघायला मिळतं, असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. पिसाचा मनोरा वाकडा आहे हे ऐकल्यावर तिने नुसतं आमच्या गोठ्याकडे बोट केलं.

पाचवं गाव माझ्या पाळीचं होतं. मी रव्हेन्ना म्हणालो. तिथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर रंगीत काचांचे, दगडांचे बारीक तुकडे बसवून केलेली चित्रं आहेत. शाळेच्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात ती मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मी तिशीतही नव्हतो. बायकोने हरकत घेतली. तिचं म्हणणं, फ्लॉरेन्स मोठं आहे, त्याची दोन गावं धरायला हवीत, म्हणून पाचवी पाळी तिची. तिला किओज्जाला जायचं होतं. व्हेनिसच्या खाली समुद्राकाठी मासेमारांचं गाव आहे आणि सकाळी तिथे बाजार भरतो. हे तिने मुलीच्या मोबाइलवर शोधून काढलं होतं. जन्मभर मासळीबाजार पाहिलास, आणखी एक कशाला, असं मी विचारलं.

"तुम्ही जल्मभर पुस्तकां वाचलात," ती म्हणाली. "मगे आजून कित्याक घेतास?"

मी आंघोळीला गेलो.

एकदोनदा मी माघार घेऊन पाहिली. बरं, किओज्जा तर किओज्जा, असं म्हणालो. त्यावर तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मी घरात काय फोडलं ते विचारलं. तिला गाव हवं होतं, पण वादात जिंकलेलं. दान दिलेलं नको होतं.

मग तिला ताप आला. आधी गावचा दवाखाना, मग मालवण, मग गोवा. सगळे मिळून नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत इटलीचं नावही निघालं नाही. नारळ पाडणारा येऊन गेला का, एवढं तिने तीनदा विचारलं.

दहाव्याला कावळा शिवणार नाही असं मेहुणीला वाटत होतं. किओज्जाला घेऊन जातो असं मनातल्या मनात म्हणून ठेवा, असं तिने मला कानात सांगूनही ठेवलं होतं. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा आला आणि खाऊन गेला. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र किंचित अपमान वाटला. दोन वर्षं ज्या गावासाठी तिने मला हैराण केलं, त्या गावाविषयी तिचं काहीच म्हणणं उरलं नव्हतं?

वर्षश्राद्ध झालं आणि मुलीने विषय पुन्हा काढला. आईने ठरवलेलं आहे तर जाऊ या, ती म्हणाली. चार गावं कायम. पाचवं तुम्हाला हवं ते सांगा.

मला हवं ते. हे शब्द कोणी माझ्यापुढे टाकले की मी चाचपडतो. रव्हेन्ना म्हणावं तर मेलेल्या माणसाशी वाद जिंकल्यासारखं होत होतं. विरोधी बाकावर कोणी नसताना ठराव मंजूर करून घ्यावा तसं. किओज्जा म्हणावं तर मी थोर नवरा ठरत होतो, आणि त्या थोरपणावर ती कशी हसली असती हे मला पाठ होतं. मुलीचे तीन फोन झाले. तिन्ही वेळा मी कळवतो म्हणालो. व्हिसासाठी यादी द्यायची मुदत जवळ येत होती. यादीच दिली नाही तर जाणंही आपोआप टळेल, हे मला कळत होतं आणि मी ते टळू देत होतो.

मेहुणीने ते ओळखलं. तिने देवळात कौल लावायचं काढलं. आमच्याकडे लग्न, विहीर, कोर्टातली तारीख यांबद्दल देवाला विचारतात. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी जन्मात कधी कौल लावला नव्हता. गावच्या देवाला इटलीतलं काय कळणार, असं मी म्हणालो.

"मसुऱ्याच्या जत्रेची तारीख देवीक इचारून ठरता," ती म्हणाली. "लाखानी माणसां येतत. तुमचा इटली काय त्याच्यापेक्षा मोठा लागान गेला?"

उलटा प्रश्न टाकायची ही दोघी बहिणींची पद्धत होती. मी देवळात गेलो.

गुरव माझा जुना विद्यार्थी निघाला. इतिहासात तो माझ्या हाताखाली दोनदा नापास झाला होता आणि ते दोघांच्याही ध्यानात होतं. त्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू परमुलखात इटली म्हणान जो काय देश आसा थंय जावक निघालो आसा, त्याची वाट दाखव, असं तो म्हणाला. "व्हय म्हाराजा," मेहुणी म्हणाली, मोठ्याने. मी ओठ हलवले. तिथला राखणदार देव कोण, हे त्याने मध्येच थांबून मला विचारलं. ती माणसं ख्रिस्ती आहेत असं मी सांगितलं. मग हरकत नाही, गोव्यातही आहेत, असं म्हणून तो पुढे गेला.

शेवटी त्याने नेमकं काय विचारायचं ते विचारलं. पाचवं गाव कुठलं, ते विचार, मी म्हणालो. त्याने मान हलवली.

"तसा नाय जमणा, सर. देव हो म्हणता नायतर नाय म्हणता. तुमका खंय जावचा आसा ता आधी तुम्ही सांगूक व्हया."

उजवी पाकळी रव्हेन्नाची धर, डावी किओज्जाची, असं मी सुचवलं.

"ती लॉटरी झाली," तो म्हणाला. "कौल नाय."

दोनदा नापास झालेल्या मुलाने माझा प्रश्न चुकीचा ठरवला, आणि तो बरोबर होता. निवडायला लागू नये म्हणून मी देवळात आलो होतो. देवळाचा नियम असा निघाला की आधी निवडून या. मेहुणी माझ्याकडे बघत होती. तिला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं, आणि ते म्हणणं अगदी सोपं होतं.

"माका रव्हेन्नाक जावचा आसा," मी म्हणालो.

आवाज जरा मोठाच निघाला. घरात मालवणी ती बोलायची आणि मी पुस्तकी उत्तरं द्यायचो. वर्षभरात मला अमुक हवं असं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही दगडाकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने पाकळी पडली. डावी.

मेहुणीने समाधानाने पदर सारखा केला. ताईच ती, एवढंच म्हणाली. आणि मी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, चपला बाहेर काढून, देवाला समजावू लागलो. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, फोटोत ते सोनं दिसत नाही, उजेड हलला की ते हलतं, आणि शिवाय पाळी माझी होती, फ्लॉरेन्स एकच गाव आहे.

"सर," गुरव हळूच म्हणाला, "देवावांगडा वाद घालतास?"

मी थांबलो. वर्षभर सगळे माझ्या हो ला हो म्हणत आले होते, शेजारी, मुलगी, भाजीवाला. मला नाही म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

घरी येऊन मी मुलीला फोन केला आणि रव्हेन्ना सांगितलं. मावशीकडून तिला आधीच कळलं होतं.

"बाबा, पण कौल डावा पडला ना?"

"पडला. तुझी आई नाही म्हणाली की मी कधी ऐकलं?"

रव्हेन्ना, दोन रात्री, असं पुटपुटत मुलीने लिहून घेतलं. मेहुणी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. नंतर तिनेच गुरवाला गाठून माझ्या वतीने देवापुढे नारळ ठेवायला लावला, चूक पदरात घे म्हणून गाऱ्हाणं घालायला लावलं, आणि व्हय म्हाराजा म्हणायला स्वतः उभी राहिली. मला बोलावलं नाही. मी पुन्हा देवाशी भांडेन अशी तिला भीती होती.

आम्ही जाऊन आलो. नापोलीच्या बाजारात मी एका माशाचा कल्ला उचलून बघितला, तर विकणारी बाई माझ्यावर ओरडली. भाषा येत नसूनही मला ते शब्दशः कळलं. जिनोआत बंदर पाहिलं. जहाजं होती. सासऱ्यांचं जहाज कुठे उभं राहत असेल ते सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही एक जागा ठरवून टाकली. रव्हेन्नाची चित्रं मी मनात धरून ठेवली होती त्याहून चांगली आहेत. मुलीने मला सांगितलं होतं, बाबा, हवा तेवढा वेळ घ्या, मी बाकावर बसते. त्या चित्रांसाठी मी दोन वर्षं अख्खा दिवस मागत होतो आणि त्या भिंतींना एक तास पुष्कळ, असं बायको म्हणायची. मी चाळीस मिनिटांत बाहेर आलो.

किओज्जा तिथून उत्तरेला आहे. एक दिवस काढता आला असता. मुलीने विचारलंही. मी नको म्हणालो. यादी पाच गावांची होती.

आता घरात मी एकटा आहे, किओज्जा बघायचं राहिलं आहे, आणि भांडण अजून चालू आहे.