नमुन्याची छाती

कानवाल्या बाईंचं हे नाव कुणी पाडलं ते हॉस्पिटलात आता कुणालाच आठवत नाही, पण नाव अगदी चपखल होतं. कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली ती स्टेथोस्कोपच्या जोरावर. धापा टाकणारा माणूस आला की बाई त्याच्या पाठीला नळी लावत, डोळे मिटत आणि सांगून टाकत, "पाणी भरलंय," किंवा "पाणी नाही, दमा आहे." एक्स-रे नंतर यायचा, तो बापडा मान डोलवायला. त्यामुळे बाईंना थोडा ताठा होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचाही.

मग मोठे साहेब बदलले. नव्या साहेबांनी आल्या आल्या सोनोग्राफीचं एक सुटसुटीत, चाकांवर फिरणारं यंत्र आणलं आणि फर्मान काढलं की पेशंटच्या पलंगाशी उभं राहून फुफ्फुसाची सोनोग्राफी ज्याला वाचता येईल तोच कॅज्युअल्टीत राहील. बाकीच्यांनी खाली ओपीडीत बसून ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहाव्यात. परीक्षा महिनाअखेरीला. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. कॅज्युअल्टी सोडून दुसरं घर त्यांनी कधी मानलंच नव्हतं. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, राहता राहिला थोरला भाऊ आणि ही कॅज्युअल्टी.

शिकवायला एक नवीन डॉक्टर होती. वयाने बाईंच्या निम्मी, म्हणून सगळे तिला छोट्या डॉक्टर म्हणत. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मॅडम, एक लक्षात ठेवा. हवेतून या लहरी जातच नाहीत. त्यामुळे हवा भरलेलं फुफ्फुस आपल्याला दिसत नाही. पडद्यावर जे दिसतं ते सगळं खोटं असतं."

"मग बघायचं काय?" बाईंनी विचारलं.

"खोटं कसलं आहे, ते बघायचं."

छोट्या डॉक्टरांनी पुढे भराभर सांगितलं. वरची चकाकती कड म्हणजे फुफ्फुसाची किनार. तिच्याखाली आडव्या रेषा दिसल्या तर फुफ्फुस कोरडं, ठीक. कडेपासून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या रेषा असतील तर सावध. एखाददुसरी चालते. घोळक्याने आल्या तर फुफ्फुसात पाणी आहे, नाही तर फुफ्फुस आतून निबर व्हायला लागलंय. बाईंनी मान हलवली. पडद्यावर त्यांना दिसत होता तो नुसता करडा चिखल.

सरावाला माणूस हवा होता. हाताखालच्या डॉक्टरांना म्हणायचं तर नाक खाली होणार. तेव्हा दादा कामाला आला. दादा, म्हणजे थोरला भाऊ, गाडी चालवायला शिकवणारा मास्तर होता. नुकताच काम बंद करून घरी बसला होता आणि वहिनीच्या पायात पायात येत होता. अर्ध्या गावाला त्याने स्टिअरिंग धरायला शिकवलं, फक्त सख्ख्या बहिणीपुढे हात टेकले. तो रोज दुपारी लिफ्टने वर यायचा, बाजूच्या रिकाम्या खोलीत शर्ट काढून आडवा व्हायचा.

"ठमे, उजवं-डावं तरी कळतंय का?" तो विचारायचा. "तुझा क्लच आणि ब्रेकचा घोळ मी विसरलेलो नाही."

"गप्प पड. हललास की चित्र बिघडतं."

"श्वास घेऊ की तोही नको?"

चित्र तसंही बिघडलेलंच असायचं. दादाच्या छातीवर यंत्राचा दांडा, म्हणजे प्रोब, ठेवला की खालच्या बाजूला, दोन्हीकडे, उभ्या रेषाच रेषा. कडही मेली खडबडीत, मेणबत्तीचे ओघळ आल्यासारखी. बाईंनी आधी जेल जास्त लावून पाहिलं. मग कमी लावून पाहिलं. हात सरळ धरला, तिरपा धरला, यंत्राला दोन शिव्याही घातल्या. रेषा जागच्या जागी. मग त्यांनी स्वतःशी विचार केला, आणि तो त्या वेळी त्यांना फार शहाणपणाचा वाटला: दादाला काही एक झालेलं नाही. कधी साधा तापसुद्धा नाही. म्हणजे या रेषा काही त्या वाईट रेषा नव्हेत. खऱ्या वाईट रेषा याहून जाड असणार, ठळक असणार. या आपल्या साध्या, घरगुती रेषा.

झालं. पायाच वाकडा पडला, तर भिंत सरळ कुठून येणार? त्या दिवसापासून बाईंनी दादाची छाती नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवली आणि जगाच्या छात्या तिच्याशी ताडून पाहू लागल्या. मग तर गोंधळाला पारावार राहिला नाही. कुणाची कड गुळगुळीत दिसली की त्यांना शंका यायची. रेषा नसल्या की वाटायचं, आपल्यालाच दिसत नाहीत. एका हृदयरोगी आजीबाईंच्या पाठीला नळी लावली तेव्हा कान ओरडून सांगत होता की पाणी आहे, आणि पडदा पाहावा तर थेट दादासारखा, म्हणजे ठणठणीत! बाईंनी औषध कानाचं ऐकून दिलं, आजीबाई बऱ्याही झाल्या, पण बाईंची झोप उडाली. कान खरा की डोळा? इतकी वर्षं आपण नशिबावर तर काम केलं नाही ना? वरून झापड यायची ती वेगळीच. एकदा तर त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पिऊनही टाकला.

परीक्षेच्या दिवशी छोट्या डॉक्टरांनी पहिला माणूस म्हणून चांगल्या धडधाकट लिफ्टमनला पलंगावर झोपवलं. लिफ्ट तेवढा वेळ बंद. बाईंनी प्रोब फिरवला, पुन्हा फिरवला, चष्मा पुसला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "याचं काही खरं दिसत नाही."

लिफ्टमनचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, मला घरी दोन पोरी आहेत हो!"

"तुम्हाला काही झालेलं नाही," छोट्या डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या. दुसरा पेशंट पाण्याने फुफ्फुसं भरलेला होता. पडद्यावर उभ्या रेषांची नुसती झुंबड. बाई म्हणाल्या, "हा नॉर्मल आहे."

छोट्या डॉक्टरांनी यंत्र बाजूला सरकवलं. बाईंना वाटलं, आता ओपीडी. पण छोट्या डॉक्टर रागावल्या नव्हत्या, विचारात पडल्या होत्या. "मॅडम, अंदाजे ठोकणाऱ्याचं कधी तरी चुकून बरोबर येतं. तुमचं सगळं बरोब्बर उलटं येतंय. म्हणजे तुम्ही नीट बघताय, पण ताडून चुकीच्या कशाशी तरी बघताय. तुमच्या डोळ्यांपुढे नॉर्मल म्हणून काय आहे?"

"थांबा, दाखवतेच," बाई म्हणाल्या. यंत्रात साठवलेली दादाची चित्रं त्यांनी काढली. थोड्या अभिमानानेच काढली, कारण हात आता चांगला स्थिर झाला होता.

छोट्या डॉक्टरांनी पहिलं चित्र पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसऱ्याला त्या पडद्याजवळ वाकल्या.

"हा पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?"

"पेशंट नाही," बाई म्हणाल्या. "माझा भाऊ आहे."

मग छोट्या डॉक्टरांनी लिफ्टमनचं चित्र आणि दादाचं चित्र शेजारी शेजारी लावलं. सांगायला काही उरलंच नव्हतं. इतक्या दिवसांचा चिखल क्षणात निवळला. गुळगुळीत कड, आडव्या रेषा: हा निरोगी माणूस. खडबडीत कड, दोन्हीकडे रेषांची गर्दी, आणि दादाच्या अंगावर ना सूज, ना हृदयाची काही तक्रार. म्हणजे पाणी नाही, फुफ्फुसच निबर होत चाललंय. पाणी असतं तर काढता आलं असतं. पुढचे सगळे पेशंट बाईंनी न अडखळता वाचले. "तुम्ही पास आहात, मॅडम," छोट्या डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. बाईंना ते ऐकूही गेलं नाही.

दादा नेहमीच्या वेळेला आला. लिफ्ट अजून बंदच होती, म्हणून जिन्याने आला. दारातच चौकट धरून उभा राहिला, एक हात वर करून 'थांब, बोलतो' अशी खूण केली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "पास की नापास?"

"पास."

"शाब्बास! माझ्या छातीची कमाई आहे ही." तो शर्टाची बटणं सोडत पलंगाकडे निघाला. "आता तरी मला सुट्टी ना?"

"झोपू नकोस. बस. पाठ कर इकडे."

गावातल्या हजारो पाठींना त्यांनी नळी लावली होती, दादाच्या पाठीला आज पहिल्यांदाच. निरोगी माणसाला कशाला लावायची? त्यांनी डोळे मिटले. पाठीच्या तळाशी, प्रत्येक श्वासाच्या शेवटी, कानाजवळ केस चुरगाळावेत तसा बारीक, कोरडा आवाज येत होता. तो आवाज कशाचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"दादा, धाप कधीपासून लागते?"

"वयाचं आहे गं ते."

"दादा."

तो खाली बघत, सोडलेली बटणं पुन्हा लावत म्हणाला, "वर्षभर झालं असेल. डॉक्टरकडे जाणारच होतो, ठमे. पण मग तूच रोज बघायला लागलीस. म्हटलं, काही असतं तर बोलली असतीस की."