दोन फुलबॅक आणि चौतीसशे दिरहम

शारजाला लागून असलेल्या अल कुसैसमधल्या ज्या कंपनीत मी अ‍ॅडमिनचं काम बघायचो, तिचा धंदा एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा होता. पण कंपनीची स्वतःची हॉकीची टीम होती. आमचे अरबाब, म्हणजे मालक, तरुणपणी शिकायला पुण्यात होते. तिथे त्यांना हॉकीचा नाद लागला तो बरीच वर्षं सुटला नाही. हिंदी छान बोलायचे. खेळाडूंचे व्हिसे मात्र स्टोअरकीपर, ड्रायव्हर, सेल्समन असे निघायचे. सकाळी काम, संध्याकाळी सराव, शुक्रवारी मॅच.

दरवर्षी सीझनच्या आधी अरबाब एक आकडा सांगायचे. सगळ्या खेळाडूंचे महिन्याचे पगार मिळून त्या आकड्याच्या आत बसले पाहिजेत. "उसके ऊपर एक दिरहम नहीं," एवढं बोलून ते चहा मागवायचे. ऑफिसात आम्ही त्याला सीलिंग म्हणायचो. ते सीलिंग बारा-तेरा जणांत बसवायचं, मग एकेकाला केबिनमध्ये बोलावून काँट्रॅक्टवर सही घ्यायची, हे माझं काम. मी स्वतः जन्मात हॉकी स्टिक हातात धरलेली नाही. तरी कोणाची किंमत किती हे मी ठरवायचो, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला काही वाटायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे दोन तरुण फुलबॅक होते. उजवीकडचा खडकीचा, एकवीस वर्षांचा, मराठी. डावीकडचा पाकिस्तानातल्या गोजऱ्याचा, त्याच्याहून वर्षाने मोठा. दोघं एकाच महिन्यात आले, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये एकाच खोलीत राहिले, आणि दोन सीझन आमच्या गोलसमोर उभे राहिले. मला खेळातलं कळत नसलं तरी एक गोष्ट दिसायची. ते एकमेकांना हाक मारायचे नाहीत. एक पुढे गेला की दुसरा आपोआप मागे सरकायचा. वाळूच्या मैदानावर टँकरने पाणी मारून मॅच चालायची, चेंडू कसाही उडायचा, पण त्या दोघांमधून तो सहसा जायचा नाही.

खडकीचा मुलगा अधूनमधून शुक्रवारी मॅचआधी आमच्या घरी जेवायला यायचा. बायकोला काकू म्हणायचा, मला आधी साहेब आणि मग काका. माझी मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तो मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं चांगलं जमायचं. एकदा तो गोजऱ्याच्या मुलालाही घेऊन आला. त्याने थालीपीठ चार वेळा मागून घेतलं आणि निघताना बायकोला म्हणाला, "भाभी, हमारी अम्मी से मिलोगी तो ये सिखा देना."

दोघांचं दोन वर्षांचं काँट्रॅक्ट संपत आलं त्या वर्षी अरबाबांनी एक नावाजलेला फॉरवर्ड आणायचं ठरवलं. देशासाठी खेळलेला, वय झालेला, पण गोल मारणारा. त्याला पाच हजार द्यायचे होते. सीलिंग मात्र तेवढंच. बाकीच्यांचे पगार बसवून झाल्यावर दोन फुलबॅकसाठी चौतीसशे दिरहम उरले. म्हणजे सतराशे-सतराशे. त्यांना पंधराशे मिळत होते, तेव्हाच्या भावाने साधारण चौदा हजार रुपये. सतराशे म्हणजे सोळा हजार.

मी खडकीच्या मुलाला एकट्याला बोलावलं होतं. दोघं एकत्र आले.

"आम्ही दोघं एकच बोलणार आहोत," तो म्हणाला. "दोघांना दोन-दोन हजार. नाहीतर कोणीच सही करणार नाही."

गोजऱ्याचा शांतपणे म्हणाला, "अल ऐन वाले बाईस सौ दे रहे हैं, साहब. दोनों को. हम तो यहीं रहना चाहते हैं, इस लिए दो हज़ार बोला."

अल ऐनच्या टीमकडे जायला आमच्याकडून एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागणार होतं. एनओसीशिवाय नोकरी बदलली तर सहा महिने बॅन, आणि बॅन लागलेल्या खेळाडूचा सीझन गेला. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मी म्हटलं, विचारून सांगतो.

अरबाबांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "एनओसी नहीं मिलेगा. दोनों साथ आए तो बात मत करो. एक-एक से करो. एक तो तुम्हारा अपना आदमी है ना?" मग म्हणाले, "दूसरा नहीं माना तो सतरह सौ में दो नए लड़के आ जाएँगे. डिफेंस वाले का फोटो पेपर में कौन छापता है. खलास."

त्या शुक्रवारी मी खडकीच्या मुलाला जेवायला बोलावलं. एकट्याला. बायको वाढत होती, मुलगी शेजारी बसली होती. जेवण झाल्यावर मी त्याला बाल्कनीत नेलं. काँट्रॅक्टचा कागद मी आधीच खिशात घातला होता.

"तुझ्या मित्राने काल संध्याकाळी सही केली," मी म्हणालो. "सतराशेवर."

 समोरच्या इमारतीच्या गच्चीवर डिश अँटेनांच्या रांगा होत्या, तो तिकडे बघत राहिला.

"त्याने मला सांगितलं नाही," शेवटी म्हणाला.

"लाज वाटली असेल. घरची अडचण असेल. तू कशाला मागे राहतोस? मी तुझ्या वडिलांसारखा आहे म्हणून सांगतो."

मी वडिलांसारखा आहे हे त्याआधी मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. गरज नव्हती म्हणून म्हटलं नव्हतं. त्याने कागद कठड्यावर ठेवला, माझं पेन घेतलं आणि सही केली. मग आत जाऊन माझ्या मुलीबरोबर थोडा वेळ कॅरम खेळला.

शनिवारी सकाळी मी गोजऱ्याच्या मुलाला बोलावून ती सही दाखवली. आता तोही करेल अशी माझी खात्री होती. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि टेबलावर ठेवला.

"उसको क्या कहा आपने?"

"कुछ नहीं. उसने अपनी मर्ज़ी से की."

"ठीक है," तो म्हणाला. "मेरा वीज़ा कैंसल कर दो."

मी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला, शंभर दिरहम ओव्हरटाइममधून काढून देतो म्हणालो. तो उभाच राहिला. "साहब, पैसे की बात होती तो मैं दोनों के लिए नहीं, सिर्फ़ अपने लिए माँगता." एवढंच बोलला. आवाज चढवला नाही.

आठवड्याभरात आमच्या पीआरओने, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करणाऱ्या माणसाने, त्याचा व्हिसा रद्द करून आणला. बॅनचा शिक्का पडला. माझ्या कपाटात त्याचा पासपोर्ट होता तो मी त्याच्या हातात दिला, आणि त्याने मोजून तीन वेळा शुक्रिया म्हटलं, जसं एखाद्या काउंटरवरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं. कंपनीच्या पिकअपने त्याला विमानतळावर सोडलं. खडकीचा मुलगा त्या दिवशी कामावर होता. त्याने सुट्टी मागितली नव्हती.

सीझन वाईट गेला. सतराशेत दोन नवे मुलगे आणले, एक केरळचा आणि एक लाहोरचा, दोघंही गुणी होते, पण डावी बाजू उघडी पडायची. खडकीचा मुलगा आता ओरडून ओरडून हाका मारायचा आणि तरी चेंडू मागे जायचा. फॉरवर्डने गोल मारले, त्याचा फोटो आला. आम्ही मॅचेस हरत राहिलो. आमच्या घरी खडकीचा मुलगा पुन्हा आला नाही. मी दोनदा विचारलं, "काका, काम आहे," म्हणाला. मुलगी विचारायची, "बाबा, व्हाय डझन्ट ही कम एनीमोर?" मी म्हणायचो, सीझन चालू आहे ना.

दोन वर्षांनी अरबाबांचा नाद उतरला. त्यांनी शर्यतीचे उंट घेतले आणि टीम बंद केली. ज्यांना बाहेर मागणी होती ते गेले. खडकीच्या मुलाला कोणी बोलावलं नाही. तो स्टोअरकीपरच्या व्हिसावर होता, तो खरोखरचा स्टोअरकीपर झाला. गॅसचे सिलिंडर, तांब्याच्या नळ्या, कॉम्प्रेसर, सगळं चोख ठेवायचा. आम्ही एकाच आवारात काम करायचो आणि सह्यांपुरतं बोलायचो.

अशी सात-आठ वर्षं गेली. मला शारजात दुसरी नोकरी मिळाली, अल मजाजला घर घेतलं भाड्याने, आणि जुन्या ऑफिसातला शेवटचा आठवडा उरला. मी फायली आवरत होतो. तेव्हा बाल्कनीत सही घेतलेलं ते काँट्रॅक्ट हाताला लागलं, आणि मी उठून स्टोअरमध्ये गेलो. दुपारची वेळ होती, मजूर बाहेर सावलीत झोपले होते. तो एका खोक्यावर बसून नळ्या मोजत होता. डोक्यावरचे केस विरळ झाले होते.

मी सांगून टाकलं. त्या शुक्रवारी मी खोटं बोललो, गोजऱ्याच्या मुलाने सही केलीच नव्हती. तो निघून गेला तेव्हा याला ते कळलं असणारच, पण मी कधी तोंडाने कबूल केलं नव्हतं.

त्याने मोजणी थांबवली, कागदावर आकडा लिहिला, पेन कानावर ठेवलं.

"माहीत होतं, काका," तो म्हणाला.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. बाल्कनीत. आम्ही एका खोलीत झोपायचो. तो पाणी प्यायला उठला तरी मला कळायचं. त्याने सही केली असती आणि मला सांगितलं नसतं, असं झालंच नसतं."

 पुढचं त्यानेच सांगितलं.

"तो माझ्यापेक्षा फार चांगला खेळायचा. बाहेरच्यांना दिसायचं नाही, कारण तो मला सांभाळून घ्यायचा. अल ऐनवाल्यांना तोच हवा होता. दोघांना घ्या नाहीतर नको, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. मला सारखी भीती वाटायची, तिथे गेलो की महिन्याभरात माझं बिंग उघडं पडेल. तुम्ही म्हणालात त्याने सही केली, तेव्हा मला बरं वाटलं. आता मी केली तर माझा दोष नाही, असं वाटलं." त्याने समोरच्या नळ्या सरळ केल्या. "तुम्ही नसता बोललात तर मीच काहीतरी शोधलं असतं."

कितीतरी वर्षं मी हे मनात घेऊन फिरलो होतो. त्या क्षणी ते हलकं व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तो बोलला ते त्याच्याबद्दल होतं. मी जे केलं ते माझ्या जागी तसंच होतं, आणि आता त्यात हेही मिळालं, की दोन वर्षं माझ्या घरी जेवलेल्या मुलाचा भित्रेपणा मला दिसला नव्हता, पण उपयोगी मात्र पडला होता.

"त्याचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"गोजऱ्यालाच आहे. भावाच्या दुकानात बसतो, असं इथल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. हॉकी सोडली म्हणे. मी एकदा फोन केला होता, कॉलिंग कार्ड घेऊन. त्याच्या आईने उचलला. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, थांब बेटा, बोलावते. मी थांबलो. मागे टीव्ही चालू होता, कोणीतरी भांडी घासत होतं. कोणी आलं नाही. कार्ड संपेपर्यंत मी धरून बसलो होतो."

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. त्याला माल द्यायचा होता. तो उठला, खोकं उचललं आणि दाराशी जाऊन म्हणाला, "काकूंना नमस्कार सांगा."

मी सांगितला. बायको म्हणाली, बरा आहे ना तो? मी म्हटलं, बरा आहे.