रिकामी खाच

नत्थुजींबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही. तरी लिहितो, कारण आमच्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत तीन दिवस त्यांचं नाव खराब झालं होतं आणि ते मी केलं होतं.

नत्थुजी आमच्याकडे मदतनीस. वय छप्पन्न, घर मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याचं, शिक्षण दहावी, नोकरी कराराची. भांडी धुणं, सोल्यूशन बनवणं आणि स्फटिकांची खोली सांभाळणं ही त्यांची कामं. त्या खोलीची किल्ली ते करदोट्याला बांधून ठेवत.

प्रयोगशाळेत आम्ही तंबाखूतलं निकोटीन पकडणाऱ्या एका अँटिबॉडीवर काम करत होतो. तिचा फक्त टोकाचा तुकडा घ्यायचा, त्याचे स्फटिक वाढवायचे आणि क्ष-किरणांनी आतली रचना पाहायची. त्या तुकड्याला एक खाच असते. निकोटीनचा इवलासा रेणू तिथे येऊन बसतो. आम्हाला दोन स्फटिक हवे होते, एक खाच भरलेला आणि एक खाच रिकामी असलेला. दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे कळतं, रेणू पकडताना तुकडा कुठे आणि किती हलतो.

सव्वा वर्ष कामाचे स्फटिक धरेनात. मी पुण्याहून पीएच.डी. करून आलेलो, स्फटिक ज्यात वाढतात त्या सोल्यूशनच्या थेंबांकडे रोज पाहून चिडचिड करायचो. नत्थुजींनी एक दिवस काही न विचारता थेंबांचा डबा उचलला आणि घरून आणलेल्या गोधडीच्या घडीवर ठेवला. "हे टेबल कुलरनं थरथरून राहिलं ना बाप्पा, खडा धरन कसा?" स्फटिकांना ते खडेच म्हणत. जुन्या, बिघडलेल्या स्फटिकावर मांजरीची मिशी घासून ती नव्या थेंबातून ओढतात, म्हणजे तिला चिकटलेल्या कणांवर नवे स्फटिक धरतात, हे मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते काड्यापेटीत घरच्या मांजरीची गळलेली मिशी घेऊन हजर. नवव्या दिवशी खडे धरले. पेढे मी वाटले, अभिनंदनही माझंच झालं.

आता खर्ऱ्याचं सांगायला हवं. वऱ्हाडातल्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या तुकड्यात, घालून घोट घोट घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. नत्थुजी तीस वर्षं खात होते, त्यांच्या पत्नी मैनाबाईही खात. दोन वर्षांपूर्वी मैनाबाईंचं तोंड उघडेना. डॉक्टरांनी सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. त्यांचं एकच बोट गेलं. त्या दिवशी नत्थुजींनी खर्रा सोडला. "ते वरण पेल्यानं पिते," ते मला म्हणाले होते, "मी काय तोंडानं खर्रा खाऊ?"

हे ऐकताना माझ्या पँटच्या खिशात पन्नी होती.

मी राहतो अमरावतीत, राजापेठेत. वडील संस्कृतचे मास्तर, आमच्या घरात सुपारीसुद्धा वर्ज्य. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि स्टेशनबाहेरच्या ठेल्यावरून दोन खर्रे घ्यायचे. एक गाडीत संपवायचा, दुसरा दुपारी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत, दार लावून. घरी कुणाला माहीत नाही, अकोल्यात कुणाला माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो.

सप्टेंबरात रिकाम्या स्फटिकाची रचना हाती आली. खाच रिकामी नव्हती. आत निकोटीन बसलेलं होतं, अगदी ऐटीत. वर्षाचं काम मातीत गेलं. आमच्या प्रमुख पौर्णिमा मॅडमनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "हे आलं कुठून?"

मला तिथल्या तिथे कळलं. जूनमधला शनिवार. नत्थुजी मैनाबाईंना घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात गेले होते, म्हणून या स्फटिकांचं सोल्यूशन मी बनवलं. नुकताच खर्रा घोटलेला होता. हातमोजा न घालता ढवळायची चुंबकाची कांडी मी त्याच बोटांनी पाण्यात सोडली. सोल्यूशनच्या वहीत त्या दिवशीची तारीख आणि सही टाकायचीही विसरलो. जागा कोरी होती.

आणि मी म्हणालो, "सोल्यूशन नत्थुजी बनवतात, मॅडम."

बनवतात. वाक्य खोटं नव्हतं. एरवी तेच बनवतात. 'बनवलं' म्हणालो असतो तर उघड खोटं ठरलं असतं, म्हणून मी क्रियापद निवडून घेतलं. संस्कृतच्या मास्तरांचा मुलगा, व्याकरण एवढ्या कामी आलं. 

नत्थुजींच्या जुन्या सवयीबद्दल सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी हात पुढे केला. नत्थुजींनी करदोट्याची गाठ सोडली आणि किल्ली देऊन टाकली. गाठ लवकर सुटेना, आणि आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या टेबलापाशी गेले. "आपली तंबाखूची पट्टी आना. मायी लाळ पाहा." ती पट्टी आम्ही याच अँटिबॉडीची बनवलेली. दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ, एकच उमटली तर तंबाखू. दोन उमटल्या. मॅडम म्हणाल्या, "आज स्वच्छ आहे नत्थुजी, पण जूनमध्ये?"  त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. करार पुढे चालवायचा नाही असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी नत्थुजी गोधडी आणि डबा पिशवीत भरत होते. मी दारात घुटमळलो. ते हळू आवाजात म्हणाले, "उद्धवभाऊ, कचऱ्याची बादली आता तुमीच पाहत जा. तुमच्या पन्न्या मी वरून कागद टाकून झाकत होतो. नव्या माणसाले ते मालूम नाई."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला काहून नाही?"

"तो शनिवार मले याद आहे ना. तुमच्या तोंडून निघते का, ते पाहून राहिलो होतो."

मी तसाच मॅडमकडे गेलो. पट्टीच्या डब्यातून एक पट्टी काढली आणि त्यांच्यासमोर जिभेवर धरली. एक रेघ उमटली. "सोल्यूशन मी बनवलं होतं," मी म्हणालो.  मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नत्थुजींना बोलावलं, सगळ्यांसमोर माफी मागितली, करार चालू ठेवला आणि किल्ली परत दिली. मला सहा महिने त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही असं सांगितलं. ते योग्यच होतं.

संध्याकाळी नत्थुजी व्हरांड्यात भेटले, गोधडी परत खोलीत ठेवायला निघालेले. मी हात जोडले.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "पयले तोंड उघडा. तीन बोटं घाला, उभी."

"आत्ता?"

"आत्ताच. मायासमोर."

मी बोटं घातली. दोन गेली. तिसरं गेलं नाही. नत्थुजींनी मान वळवली आणि लहान लेकरू धरावं तशी ती गोधडी छातीशी धरून उभे राहिले.