टपालवहीत लिहिलेले तीन नंबर

२०२२ साल. मला एकोणसाठ पुरी झाली होती आणि नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. जोयडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी शिपाई. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मराठी. कानडी ऐकून ऐकून आलं, इंग्रजी आलंच नाही. पण आकडे मला कुणी शिकवायला नकोत. तीस वर्षं टपालवही माझ्याकडं होती. आलेला कागद वहीत चढवायचा, ज्याचा त्याला नेऊन द्यायचा आणि सही घेतल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. समोर प्रिन्सिपल असोत की झाडूवाली. तीस वर्षांत एक पाकीट हरवलं नाही. ही बढाई वाटली तर वाटू दे.

त्या वर्षी कॉलेजात नवीन सॉफ्टवेअर आलं. प्रवेश, हजेरी, परीक्षेचे फॉर्म, सगळं त्यात. बेळगावहून एक माणूस दोन दिवस शिकवायला आला. चहा मलाच द्यायचा होता, म्हणून मीही मागच्या बाकावर बसलो. तो म्हणाला, प्रत्येक पोराच्या पालकाचा मोबाईल घाला. काहीही करायचं झालं की त्या मोबाईलवर सहा आकड्यांचा नंबर येणार, तो दहा मिनिटांत भरला तरच काम पुढं जाणार. आणि शेवटी बोट उगारून म्हणाला, "हा नंबर फोनवर कुणालाही सांगायचा नाही. अगदी कुणालाही. लोक फसवतात." बाकीचे तेव्हा चहाकडं बघत होते. मी ऐकलं.

आता आमच्या दिग्गीच्या बाजूला रेंज कुठली? मी मूळचा तिकडचाच. त्या गावांतली माणसं येऊन म्हणायला लागली, "तुमचाच घाला की." असं करत करत चौदा पोरांच्या नावापुढं माझा नंबर गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऑफिसातल्या मॅडम, खानापूरकडच्या तरुण बाई, कंत्राटावर आलेल्या. कम्प्युटरकडं बघून त्या हसायलाच लागल्या.

"काका, चौदा लेकरांचा बाप? काकूंना ठावं हाय काय?"

"तुमचं यंत्र म्हणतंय तर असंल," मी म्हटलं.

त्याच महिन्यात त्यांनी टपालवही उचलून कपाटावर ठेवली. "हिचं काम संपलं बगा आता." त्या जेवायला गेल्यावर वही खाली काढली, पुसली आणि माझ्याजवळ ठेवली. आधी अंगठ्याचं मशीन आलं, मग कॅमेरे आले, मग हे. अजून काय काय बदलणार हे विचारायचासुद्धा कंटाळा आला होता. एक वर्ष, एवढंच मनात धरून मी रोज गेट उघडत होतो.

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला सगळं बंद होणार होतं. फक्त त्या चौदांतल्या एका पोरीचा फॉर्म राहिला होता. बी. ए.चं शेवटचं वर्ष. तिच्या आईचं माहेर माझ्या गावचं, म्हणून मला मामा म्हणायची. आई पडून हात मोडला म्हणून ती पंधरा दिवस घरीच होती, ती त्या दिवशी दुपारी येऊन पोचली. बापानं तिला बजावलं होतं, ह्या वर्षी परीक्षा झाली तर झाली, न्हाईतर कॉलेज बास, घरात माणूस पायजे.

तीनच्या सुमारास कॉलेजचं नेट गेलं. मॅडम पोरीला घेऊन बाजारातल्या कम्प्युटरच्या दुकानात गेल्या. चालत वीस मिनिटं. मी गेटवर एकटाच. चारला मोबाईल वाजला, सहा आकडे आले. मी वही काढली, तारीख, वेळ आणि नंबर नीट चढवला. लगेच मॅडमचा फोन.

"काका, नंबर आलाय न्हवं? सांगा."

"आलाय. लिहून ठेवलाय. या, सही करा आणि घेऊन जावा."

"अहो, वाचून दाखवा की फोनवर!"

"फोनवर सांगत न्हाई. कुणालाही सांगायचा न्हाई म्हटलंय."

"मी हाय काका! माझा आवाज वळखत न्हाई काय तुमी?"

"वळखतो की. म्हणून काय झालं?"

फोन बंद झाला. थोड्या वेळानं दुसरा नंबर आला. तोही चढवला. परत फोन, परत तेच. ह्या खेपेला मॅडमचा आवाज रडवेला होता. मला तो ऐकू आला, आणि कपाटावर ठेवलेली वहीही आठवली. हे इथं लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही.

तिसरा नंबर आला तेव्हा पोरगी पळत निघाली होती. पाचाला दोन मिनिटं कमी असताना ती गेटात आली. मी वही पुढं केली. तिनं सही केली. मग माझ्याच मोबाईलवरून तिनं मॅडमना तो नंबर वाचून दाखवला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "मेला गं तो. दहा मिनिटं हून गेली." चौथा मागवेपर्यंत पाच वाजले.

प्रिन्सिपल सरांच्या खोलीत आम्ही तिघं उभे. मॅडम म्हणाल्या, "सर, नेट गेलं होतं असं लिहूया."

"चालणार न्हाई. नंबर तीनदा गेला आणि तीनदा पोचला, हे सॉफ्टवेअरात दिसतंय. कुठं अडकला ते ज्याच्याकडं अडकला त्यानं लिहून दिलं, तर विद्यापीठ एखाद वेळेस फॉर्म उघडून देईल. उद्या अकराच्या आत पाठवायला पायजे." सरांनी माझ्याकडं बघितलं.

"मी नियम पाळला," मी म्हटलं. "आणि टपाल मी तोंडी देत न्हाई."

"काका, तुमी चुकलात असं कोण म्हणतंय?" सर म्हणाले.

"कागदावर म्हणायला सांगताय न्हवं?"

आणि मी बाहेर आलो. पाय नुसते ओढत होतो.

घराच्या वाटेवर बस स्टँड लागतो. पोरगी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टाळून जाता आलं असतं. गेलो नाही.

"त्या माणसानंच तसं सांगितलं हुतं," मी म्हटलं.

"व्हय मामा."

"सही घेतल्याबिगर मी कधी कुणाला..."

"केली न्हवं मी सही."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती नुसती दमली होती, माझ्यासारखीच.

"बाबाला काय सांगशील?"

"रेंज न्हवती म्हणते. ते त्यास्नी लगेच पटतंय. तुमचं नाव न्हाई काढत, घाबरू नका."

बस आली आणि ती चढली. मी तिथंच बाकावर बसून राहिलो. आयुष्यात मी खोटा कागद पुढं सरकवला नाही, आणि आता एक पोर माझ्यासाठी घरी खोटं बोलणार, तेही मला भ्यालेला समजून. वर्ष तिचं जाणार आणि झाकणार ती मला. घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

विद्यापीठानं पुढं एका दिवसापुरता फॉर्म उघडला आणि ती परीक्षेला बसली, पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी असलं काही माहीत नव्हतं. आठ वाजायच्या आत मी ऑफिस उघडलं, कोरा कागद घेतला आणि मराठीतच लिहिलं: नंबर माझ्या मोबाईलवर तीन वेळा आला. मॅडमनी मागितला. मी दिला नाही. पोरीची चूक नाही, मॅडमची नाही, रेंज होती. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली आणि सर येईपर्यंत त्यांच्या दाराशी उभा राहिलो.