नाल्याकाठची बाटली

मातीतून बाटली निघाली की कंडक्टर ती लगेच धूत नसे. आधी जागा, खोली आणि तारीख चिठ्ठीवर लिही, चिठ्ठी दोऱ्याने बाटलीला बांधी, मगच पाण्याची बादली ओढी. "धुतली का गवाही गेली," असे तो म्हणे. माझा हा शाळेपासूनचा मित्र. एसटीतून निवृत्त झाल्यावर तो जिल्ह्यातले जुने उकिरडे उकरत फिरे.

खोली तो वितीने मोजी. लोखंड वापरत नसे; बांबूची कामटी आणि हात. जाणारे-येणारे विचारत, "गुप्तधन भेटलं का?" तो मान वर न करता सांगे, "भेटलं ना बाप्पा. पण औषध संपलेलं हाय."

शेलूबाजारपासून जीपने अर्ध्या तासावर, एका गावात, जुना खासगी दवाखाना होता. तो पाडून सभागृह बांधायचे ठरले. जेसीबी येण्याआधीचा एक दिवस आम्हाला मिळाला. मी इमारतीमागच्या खड्ड्यात उतरलो. तासाभरात दोन निळ्या बाटल्या आणि गोटीसोड्याची एक बाटली हाती आली. कंडक्टर मात्र कुंपणापलीकडे, नाल्याच्या काठावर बसला होता.

"अबे, माल इकडं हाय. तू तिकडं काय करून राह्यला?"

"निळ्या बाटल्या तुले लखलाभ. मी आमच्या आजाची बाटली पाहून राह्यलो."

त्या काळी रोगी औषधासाठी घरून रिकामी बाटली आणत. धर्मांतराआधी महारवाड्यातल्या रोग्यांना बाटली बाहेरच्या ओट्यावर ठेवावी लागे. कंपाउंडर तिला न शिवता वरून औषध ओते. डोसाची कागदी पट्टी रोग्याने स्वतः चिकटवायची. बाटल्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून या बाटल्यांच्या गळ्याला कानशीने चरा पाडत. टाकायची वेळ आली तरी त्या इतरांच्या खड्ड्यात पडत नसत. कुंपणाबाहेर फेकल्या जात. आजोबांनी हे कंडक्टरला सांगितले होते. गावात विचारले, की असे काही नव्हतेच, असे उत्तर येई.

चारच्या सुमारास, अडीच वीत खोलीवर, बाटली निघाली. पाठोपाठ आणखी तीन. चारही बाटल्यांच्या गळ्यावर तोच चरा होता. कंडक्टरने चऱ्यावरून अंगठा फिरवला आणि चिठ्ठी काढली.

"आजाचीच लिहितो का?" मी विचारले.

"त्याची कोणती, ते मले काय माहीत? आजा खोटा बोलला नाई, एवढं लिहिता येते."

सभागृहाच्या उद्घाटनाला गावच्या सभागृह समितीने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले आणि एक बाटली मागितली. चिठ्ठी सोबत राहील, या अटीवर त्याने ती दिली. समितीने अट मान्य केली. उद्घाटनाच्या दिवशी काचेच्या पेटीत बाटली होती, चिठ्ठी नव्हती. चऱ्याची बाजू भिंतीकडे फिरवलेली होती. खाली छापील पाटी होती: औषधाची दुर्मीळ बाटली.

"भाऊ, चांगल्या दिवशी जुनं कायले उकरून राह्यले?" कंडक्टरने चिठ्ठी कुठे असे विचारल्यावर समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"उकरल्याबिगर ही बाटली भेटली असती का तुमाले?"

"त्या चिठ्ठीनं गावाची बदनामी होते."

"चरा पाडला तवा नाई झाली?"

अध्यक्ष पाहुण्यांकडे वळले. कंडक्टरने पेटीचे झाकण उचलले, बाटली दुपट्ट्यात गुंडाळली आणि सर्वांसमोरून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत उद्घाटन सविस्तर आले. ही घटना कोणीच छापली नाही. माझ्या वृत्तपत्रानेही नाही. मी बातमी दिली होती. ती जागेअभावी वगळल्याचे मला सांगण्यात आले.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी त्याला विचारले, "भाऊ, काय हाय त्यात? लय जपून धरलं." त्याने दुपट्टा सोडला आणि सगळे सांगितले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. बाटली हातोहात फिरली. एक म्हातारे गृहस्थ चरा चाचपत म्हणाले, "आमच्या गावात हाटेलात आमच्या चहाच्या कपाले डाग देत." मग दुसरे कोणी बोलू लागले.

कंडक्टर गेला त्याला दोन वर्षे झाली. समितीच्या स्मरणिकेत त्याला श्रद्धांजली आहे. त्यात त्याचा उल्लेख 'प्राचीन वस्तूंचे हौशी संग्राहक' असा केला आहे. हौस म्हणून त्याने एकही बाटली उकरली नव्हती.