उल्लंघन आढळलं नाही

मोठ्या पडद्यावर माही माय कणकेचा गोळा दोन्ही हातांनी उचलून राहिली होती, आन खोलीतले लोक हसून राहिले होते.

सगळे नाही. अर्धेअधिक. बाकीचे खाली मान घालून हसत होते. पडद्याजवळ आमचे सर रिमोट घेऊन उभे. त्यायनं व्हिडिओ थांबवला. मायचं तोंड अर्धं उघडं होतं, ते तसंच अडकून पडलं. गाणं बंद झालं. खाली पट्टी तेवढी राहिली : "आता पुरीलाही आरक्षण!" पुढे ते हसून हसून रडणारे पिवळे चेहरे.

सरनं खोलीभर नजर फिरवली आन माह्यावर आणून ठेवली.

"तू सांग," सर म्हणाले. "तू त्यातलीच आहेस ना, तुला बरोबर कळेल. हे अपमानकारक आहे का?"

त्यातलीच. किती गोड आवाजात म्हणाले. आमच्या सरनं तीन वर्षांत कोणाले एक शिवी दिली नाही.

मी उभी राहिली. टेबलाची कड धरून. त्या खोलीत कोणालेच माहीत नव्हतं की पडद्यावरची बाई माही माय आहे.

हे मी माह्या बोलीत सांगून राहिली. ऑफिसात ही बोली चालत नव्हती. तोंडातून 'मले' निघालं की मागून कोणीतरी 'मले, तुले' करून दाखवायचं. म्हणून तीन वर्षं मी 'मला, तुला' बोलली. आता कायले बोलू?

ऑफिस मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळ. काचेची बिल्डिंग, थंडगार हवा. पेपरात बातमी आली होती, आता नागपूरची पोरं जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचं काम करणार. काम काय, ते छापलं नव्हतं. काम म्हणजे लोकायची घाण पाहणं. मोबाईलवर एखादी पोस्ट पाहून तुम्ही 'रिपोर्ट' दाबता ना, तुम्हाले वाटते कुठे अमेरिकेत गोरा साहेब चष्मा पुसून वाचत असेल. काही नाही. मराठीतली तक्रार आमच्या मजल्यावर येते. चहाचे डाग पडलेल्या टेबलावर. आमच्यासमोर दोन बटणं. एक 'काढा'. एक 'राहू द्या'.

मशीन एकच पोस्ट दोघायले दाखवते, एकमेकायले न सांगता. दोघायचं जुळलं तर विषय संपला. नाही जुळलं तर सरकडे जाते. ज्याचं सरशी जुळलं नाही त्याचा नंबर खाली. नंबर खाली जात राहिला की घरी. म्हणून नवा माणूस पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकतो. पोस्ट कशी आहे ते पाहायचंच नाही, दुसरा काय दाबेल ते पाहायचं. आन त्या मजल्यावर दुसरा म्हणजे बहुतेक कोण, हे मी सांगायले पाहिजे का?

नियम इंग्रजीत. सात समुद्रापार बसून लिहिलेले. जातीचं नाव घेऊन शिवी दिली तर काढा, असं साफ लिहिलं आहे त्यात. पण आता शिवी देते कोण? शिकलेसवरलेले लोक आहेत, बाप्पा! ते आडनाव विचारतात. 'कोट्यातले' म्हणतात. 'सरकारचे जावई' म्हणतात. नवी होती तेव्हा मी एक 'सरकारचे जावई'वाली पोस्ट काढली. सरनं बोलावून समजावलं, "जावई हे नातं आहे. नातं शिवी कशी होईल?" मग म्हणाले, "आणि मशीनला जात नसते. आपणही मशीनसारखं असावं."

मशीनले नसेल. मशीनले शिकवणाऱ्याले असते.

आम्ही कोराडी रोडच्या एका वस्तीत राहतो. माय केटरिंगवाल्याकडे पुऱ्या लाटते. तिची पुरी टम्म फुगते, एक बसत नाही. केटरिंगमध्ये कोणी आडनाव विचारत नाही, सगळ्या बाया मावशी. यंदा एका मोठ्या सोसायटीत गणपतीचा भंडारा होता. माय सकाळपासून लाटून राहिली होती. पंगती उठत होत्या, बसत होत्या. सोसायटीतली एक बाई कौतुकानं जवळ आली.

"मावशी, पुऱ्या मस्त झाल्या हो. आडनाव काय तुमचं?"

मायनं सांगितलं. सरळ. माह्या आजानं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात खोटं आडनाव कोणी सांगितलं नाही.

त्या बाईचा चेहरा उतरला. "मग आधी का नाही सांगितलं?"

मग लोक जमले. मायले उठवलं. उरलेली कणीक तिलेच उचलायले लावली आन फाटकाबाहेरच्या नालीत टाकायले लावली. कढईवर गोमूत्र शिंपडलं. त्याच कढईत, त्याच तेलात, दुसऱ्या बाईनं पुऱ्या तळायले घेतल्या. ज्यायनं आधीच खाल्ल्या होत्या त्यायचं काय, हे कोणी विचारलं नाही. पोटात गेलेली पुरी बाटत नसेल.

मायनं हात धुवाले नळ मागितला. नाही दिला.

एक झब्बेवाला हे सगळं मोबाईलमध्ये उतरवून राहिला होता. त्यानं त्याच्यावर गाणं लावलं, ती पट्टी लावली, आन स्वतःच्या खात्यावर टाकलं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसकट. चोर तोंड लपवते. त्याले लपवायची गरजच वाटली नाही.

माय घरी आली. मोरीवर बसून हातावरची वाळलेली कणीक नखानं खरवडत होती. मी विचारलं, "काय झालं वं?" तर म्हणे, "काही नाही. लवकर सुटली आज."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूनं मोबाईल आणून दाखवला. मायनं एक नजर टाकली आन पदर तोंडावर घेतला. मग माह्या दंडाले धरलं.

"पुस वं ते. तू त्याच कामावर हायस ना? पुसून टाक."

एवढंच मागणं. जन्मात तिनं माह्या नोकरीकडून दुसरं काही मागितलं नव्हतं.

नियमानं मले घरच्या मोबाईलवरून काहीच पुसता येत नव्हतं. मी वस्तीतल्या पोरायले सांगितलं, रिपोर्ट दाबा. सगळ्यायनं दाबलं. बायायनं दाबलं, म्हाताऱ्यायनं नातवायकडून दाबून घेतलं. दुसऱ्या सकाळी सगळ्यायच्या मोबाईलवर एकच उत्तर. 'आम्ही तुमची तक्रार तपासली. आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.'

मायले वाचून दाखवलं.

"कोणं तपासलं वं?" तिनं विचारलं.

मी काय सांगू? मले माहीत होतं. माह्याच मजल्यावर तपासलं होतं. माह्याच ओळीतल्या एखाद्या खुर्चीनं.

खुर्ची बाजूचीच निघाली. पल्लवी. रोज माह्यासोबत डबा खाणारी. मायच्या हातच्या पुऱ्या तिनं माह्या डब्यातून कितीदा खाल्ल्या, बोटं चाटून खाल्ल्या. मी तिले सहज विचारल्यासारखं विचारलं, तो पुरीवाला व्हिडिओ तुझ्याकडे आला होता का?

"हो गं. राहू द्या दाबलं. शिवी कुठे आहे त्यात? आणि समोरचा पण तेच दाबणार होता ना." बिस्किटाचा पुडा फोडत ती म्हणाली, "का गं?"

"काही नाही." मीही मायसारखंच म्हटलं.

पण वस्तीच्या तक्रारी एवढ्या झाल्या की वरून विचारणा आली. सरले उत्तर द्यावं लागलं. सर हुशार माणूस. त्यायनं त्याचा धडाच करून टाकला. सगळ्यायले ट्रेनिंगच्या खोलीत बसवलं, मोठा पडदा लावला. विषय : विनोद आणि द्वेष यातला फरक.

तर मी उभी होती. मायचं तोंड पडद्यावर अडकलेलं.

"बरं, तू विचार कर. तोपर्यंत आपण हात वर करून घेऊ," सर म्हणाले. "अपमान वाटतो, त्यांनी हात वर करा."

मागच्या कोपऱ्यातून दोन हात अर्धे वर आले, आन कोणी पाहते का म्हणून परत खाली गेले.

"विनोद?"

हातच हात. पल्लवीचाही.

"बरोबर," सर म्हणाले. "आरक्षण हे सरकारी धोरण आहे. धोरणावर विनोद चालतो. बाईंना कोणी मारलेलं नाही, शिवी दिलेली नाही. राहिली पुरी. पुरीला भावना नसतात."

खोली फुटली हसून. एकजण तर टेबल बडवून राहिला होता. सरले स्वतःलेही हसू आवरेना. मग माह्याकडे वळले.

"तुझं उत्तर राहिलं."

मी टेबलाची कड सोडली. असा राग मले आयुष्यात कधी आला नव्हता. तीन वर्षं शिकलेलं 'माझी' तोंडात आलंच नाही.

"ती माही माय आहे."

पल्लवीचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायलेही ती विसरली. कोणाची खुर्ची करकरली. सरनं रिमोट टेबलावर ठेवला आन विचारलं,

"मग तू आधी का नाही सांगितलं?"

तेच वाक्य! भंडाऱ्यात मायले विचारलं तेच. आधी काहून नाही सांगितलं? म्हणजे आम्ही काय कपाळावर गोंदवून फिरायचं? गळ्यात घंटी बांधू, का दुरूनच आवाज यावा म्हणून?

"आणि मग यावर तू मत द्यायलाच नको होतं," सर पुढे म्हणाले. "तू निष्पक्ष नाहीस."

टेबल बडवणारा निष्पक्ष होता.

मग केबिन. सरनं स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही काचेचा नाही, कागदाचा. मी हात लावला नाही.

"हे बघ, मला वाईट वाटलं. मी आत्ता काढतो तो व्हिडिओ. एक बटण आहे फक्त. तू जाऊन काम कर. बाहेर काही बोलायचं नाही. इथे पाहिलेलं बाहेर सांगणार नाही, अशी तू रुजू होताना सही केली आहेस. आठवतं ना?"

त्यायचं बोट माऊसवर. मायचं 'पुस वं' माह्या कानात. 'हो' माह्या ओठावर आलं होतं, खोटं कायले बोलू. मी तर तेच मागाले आली होती.

पण मी त्या धंद्यातली. 'काढा' दाबल्यावर काय होते, मले माहीत आहे. व्हिडिओ जाते. त्याच्यासोबत टाकणाऱ्याचं नाव जाते. खाली ज्यायनं ज्यायनं दात काढले त्यायची नावंही जातात. बाहेरच्या माणसाले काही दिसत नाही, झालंच नव्हतं असं सगळं साफ. उद्या झब्बेवाला म्हणेल, कोणता व्हिडिओ? माह्या मोबाईलमध्ये कॉपी आहे म्हणावं तर म्हणेल, हे मशीननं बनवलं. आजकाल खऱ्यालेही लोक मशीनचं म्हणून मोकळे होतात. पण त्याच्या खात्यावर, त्याच्या नावाखाली, त्यानं स्वतः टाकलेलं? तिथे तो स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार उभा आहे. रोज. हे बटण मायची बेइज्जती पुसणारं नव्हतं. त्यायची पुसणारं होतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

"काय?"

"तो व्हिडिओ. राहू द्या."

सर बघतच राहिले. "तुमची सगळी वस्ती रिपोर्ट करत होती ना? आता काय झालं?"

"आता मले त्यायची तोंडं पाहिजेत."

"भावनेच्या भरात नोकरी घालवू नकोस."

"निष्पक्षपणे सांगून राहिली, सर."

त्यायनं हात पुढे केला. मी गळ्यातलं कार्ड काढून दिलं. बाहेर पल्लवी उभी होती, डोळे लाल. "मला माहीत असतं तर मी नसतं गं दाबलं," म्हणाली. तिले अजूनही समजलं नव्हतं. ती बाई माही माय नसती तर चाललं असतं, असंच ना? मी जिन्याकडे निघाली.

घरी माय दारातच होती. "पुसलं?"

"नाही माय. ते पुसून राहिले होते. मीच नाही म्हटलं."

तिनं खाडकन माह्या तोंडात मारली. मोठी झाल्यावर पहिल्यांदा. "मले अजून किती लोकायले दाखवतं वं?"

तिचं खरं होतं. हसणारे तिले हसतात, मले नाही. मी तिले फक्त समजावलं, पुसलं तर कोण सुटते. झब्बेवाल्याचं नाव दाखवलं, त्याचा फोटो दाखवला. गाल चोळत दाखवलं.

तिनं मोबाईल हातात घेतला. तोवर तिनं तो व्हिडिओ पूर्ण पाहिला नव्हता. आता पाहिला. परत पाहिला. एका चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हा. 'अजून गरम दे मावशी' म्हणत माह्या हातच्या पुऱ्या गिळून राहिला होता. आन पाह्य कसा हसून राहिला मेला." बोट सरकलं. "हे आडनाव विचारणारी." बोट अजून सरकलं. "ह्यानं नळ बंद केला."

मग उठली. हात धुतले, स्वच्छ, साबण लावून. चप्पल घातली.

"चाल."

ठाण्यातल्या हवालदारानं व्हिडिओ पाहिला, डोकं खाजवलं. "बाई, त्याला सांगतो डिलीट करायला. आपसात मिटवून टाका. कशाला वाढवता?" जो तो पुसायलेच निघालेला.

"मिटवाले नाही आलो आमी," माय म्हणाली. "लिहा."

संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं आम्हाले. माय हलली नाही. शेवटी त्यानं पेन उघडला आन विचारलं, "नाव?"

मायनं आधी आडनाव सांगितलं. सगळं ठाणं वळून पाहील एवढ्या मोठ्यानं.

पुढे काय होईल, मी जाणत नाही. नोकरी गेली. केटरिंगवाल्यानं मायले बोलावणं बंद केलं. व्हिडिओ अजून चालू आहे, आन खाली रोज नवे पिवळे चेहरे येऊन राहिले. सरचा फोन आला होता, सहीची आठवण द्यायले. बाहेर बोलायचं नाही म्हणे. मग हे मी काय करून राहिली? बाहेरच बोलून राहिली. उद्याही बोलीन, कोर्टातही बोलीन, आन 'मले'च म्हणीन.

हसा लेकहो. पोटभर हसा. फक्त तोंडं नीट दिसू द्या.